पाचच्या काठीला नऊची दोरी

मी एक जुनी काठी आहे. पण मित्रांनो, काठी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जी येते, ती मी नव्हे. मी कुत्री हाकलत नाही, झेंडा धरत नाही, म्हाताऱ्यांना आधारही देत नाही. मी मासे धरायची काठी आहे. तीही साधीसुधी नाही, हे मी आधीच सांगून टाकते. आपल्या नागपुरात स्वतःबद्दल स्वतःच सांगावं लागतं. दुसरा कुणी सांगेल म्हणून थांबलात, तर थांबूनच राहाल.

गळाच्या साध्या काठीचं काम सोपं असतं. दोऱ्याच्या टोकाशी शिशाचा गोळा, त्याच्याजवळ गळ, गळाला गांडूळ. गोळा भिरकावला की दोरा निमूटपणे त्याच्या मागे जातो. माझ्याकडे गोळाही नाही आणि गांडूळही नाही. माझ्या दोरीच्या टोकाला असते कोंबड्याच्या पिसाची खोटी माशी. फुंकर मारली तर उडून जाईल इतकी हलकी. ती एकटी पाण्यापर्यंत पोचणार कशी? तिला दोरी घेऊन जाते. माझ्या दोरीच्या अंगातच वजन असतं. माणूस मला मागे नेतो, दोरी हवेत पसरते, तिचा भार माझ्या पाठीवर येतो आणि मी वाकते. मग सरळ होता होता मी ती दोरी पुढे अशी सोडते, की माशी पाण्यावर अलगद टेकते. माशाला वाटतं, खरीच माशी बसली.

म्हणून माझं आणि दोरीचं जुळावं लागतं. दोरी फार हलकी असेल तर मी वाकतच नाही. फार जड असेल तर वाकलेली उठत नाही. कुणाचा घोटाळा होऊ नये म्हणून कारखान्यातच माझ्या मुठीच्या वर एक आकडा लिहून ठेवला आहे: पाच. पाच नंबरच्या काठीला पाच नंबरची दोरी. दोरीच्या डब्यावरही आकडा असतो, आणि तो जितका मोठा, तितकी दोरी जड. एवढं एक वाक्य ध्यानात ठेवा. माझं सगळं दुःख त्यात मावतं.

माझा जन्म साता समुद्रापलीकडचा. कार्बनचे काळे धागे पोलादी सळीवर गुंडाळले, भट्टीत भाजले, सळी काढून घेतली, आणि आतून पोकळ, बाहेरून तुकतुकीत अशी मी तयार झाले. माझे दोन भाग आहेत. वरचा भाग खालच्यात बसवला की मी पुरी होते. तिथून मी आले कुलूकडच्या एका दुकानात, आणि तिथे मला भेटले भैय्याजी.

भैय्याजी रामटेकचे. पाटबंधारे खात्यात होते. धरणाच्या कामासाठी सरकारने त्यांना काही दिवस हिमाचलात पाठवलं होतं. तिथल्या थंडगार नदीत लोक माझ्यासारख्या काठ्यांनी मासे धरताना त्यांनी पाहिले आणि शिकूनही घेतलं. बाकीचे साहेब परत येताना सफरचंदांच्या पेट्या घेऊन आले. भैय्याजींनी मला आणलं. सफरचंदं आठवड्यात संपली. मी अजून आहे.

रामटेकजवळच्या तलावावर माझं स्वागत काही हारतुऱ्यांनी झालं नाही. काठावर मासोळी विकणाऱ्या रंभाबाई टोपली खाली ठेवून बघतच राहिल्या.

"काहो भैय्याजी, कोंबडीचं पीस बांधून मासोळीले गुदगुल्या करून राहिले का?"

"गुदगुल्या नाही वं रंभाबाई," भैय्याजी म्हणाले, "आवतन देऊन राहिलो."

आणि त्याच सकाळी एका चांगल्या थोराड चिलापी मासोळीने ते आवतन घेतलं. रंभाबाई दोन घटका गप्प होत्या. त्यांना ओळखणारे म्हणतात, असं त्यांच्या आयुष्यात फारदा झालेलं नाही.

ते माझे सुखाचे दिवस होते. भैय्याजी घरी आले की मला गोड्या पाण्याने धूत, कोरडी करत, दोन भाग जिथे जुळतात तिथे मेणाचा हलका हात फिरवत आणि जुन्या सुती लुगड्याच्या खोळीत घालून ठेवत. स्वतःच्या चष्म्यावर ते बसत असत, पण माझ्यावर कधी बसले नाहीत.

दर रविवारी नागपुरातून त्यांचे मित्र दत्तोपंत येत. दोघं कॉलेजपासूनचे. दत्तोपंतांचं गांधीबागेत सुताचं दुकान होतं. ते आता मुलाच्या, जितेंद्रच्या, हाती दिलेलं, आणि दत्तोपंत आपल्या इंदुताईंसह नागपूरच्या कडेला, बेसात, नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलेले. दत्तोपंतांच्या घरी मासा चालत नाही. तरी दर रविवारी ते मासे पाहायला इतक्या लांब यायचे. मी माणसांचा हिशेब मनातल्या मनात मांडत असते. मला हा हिशेब लवकरच कळला. ते मासे पाहायला येत नव्हते.

मग भैय्याजींचा खांदा धरला. डॉक्टरांनी हात वर न्यायलाच बंदी केली. एका रविवारी त्यांनी मला खोळीतून काढलं, दोन भाग जोडले आणि दत्तोपंतांच्या हातात दिलं.

"घे गा पंत. आता तू फेक. मी पाहीन."

"मी मासा खात नाही. धरून करू काय?"

"तू धर. खाणारा मी बसलो आहे न!"

मित्रांनो, ऐकायला ही थट्टा वाटते. पण भैय्याजींकडून मासे धरणं सुटलं होतं. पाहणं तेवढं उरलं होतं. त्या दिवशी ते उरलेलं त्यांनी माझ्यासकट मित्राच्या हवाली केलं. दत्तोपंतांचा हात आधी कच्चा होता. माशी पाण्यात कमी आणि त्यांच्या टोपीत जास्त अडकायची. पण हळूहळू जमलं. एक फेकायचा, एक बघायचा, आणि दोघं मिळून तलावाला ऐकू जाईल इतकं हसायचे.

दत्तोपंत मला गाडीच्या डिक्कीत ठेवत. आता नागपूरचा मे महिना आणि गाडीची डिक्की! माझं काही बिघडलं नाही; भट्टीतून निघालेली मी. पण दोरीवरचा लेप तडकला, तिला जागोजागी भेगा पडल्या. दत्तोपंतांनी भैय्याजींना फोन केला.

"पाच नंबरचीच घे, पंत," भैय्याजींनी बजावलं. "काठीवर लिहिलं आहे."

"सूत कोणी विकलं जन्मभर? तू का मी?"

इथे एक गोष्ट सांगायला हवी. सुताच्या धंद्यात नंबर उलटा चालतो. वीस नंबरचं सूत जाडंभरडं. साठ नंबरचं बारीक. शंभर नंबरचं इतकं तलम की हात लावताना नखाची भीती वाटावी. म्हणजे नंबर मोठा तसा धागा बारीक आणि माल उंची. दत्तोपंतांच्या रक्तात हे भिनलं होतं. गिऱ्हाईकाने साठचं मागितलं आणि त्यांनी ऐंशीचं दाखवलं नाही, असं गांधीबागेत कधी घडलं नाही. त्यांनी मनाशी म्हटलं, पाचची मिळते तर नऊची का घेऊ नये? बारीक दोरी मासळीला दिसणारही नाही. भैय्याजीला रविवारी चकितच करू.

जितेंद्रने फोनवरून नऊ नंबरची दोरी मागवून दिली.

ती आली. माझ्या मुठीशी दोरी गुंडाळायची चकरी असते, तिच्यात ती मावेना. दोरीखाली आधाराला गुंडाळलेला दोरा काढून टाकून जितेंद्रने ती कशीबशी कोंबली.

"बाबा, जाड वाटून राहिली ही."

"वरून प्लास्टिकचा लेप आहे," दत्तोपंत म्हणाले. "आत बारीकच असन. नंबर पाह्य न डब्यावर."

असं असतं बघा. ज्या माणसाने जन्मभर डोळे मिटून चिमटीत सूत ओळखलं, त्याने त्या दिवशी बोट लावलंच नाही. आकडा वाचला आणि माल पाहिला असं समजला.

रविवारच्या आधी हात साफ करावा म्हणून ते मला बेसाच्या पलीकडे एका जुन्या खदानीतल्या पाण्यावर घेऊन गेले. एकटेच. त्यांनी मला मागे नेलं, आणि माझ्या पाठीवर दुप्पट ओझं पडल्यासारखं झालं. मी वाकले ती मुठीपर्यंत वाकले. उठायचा जीव तोडून प्रयत्न केला. दोरी पुढे गेली ती सापासारखी वेटोळी होऊन, आणि पाण्यावर अशी आपटली की काठावरचे बगळे उडाले. दत्तोपंतांनी पुन्हा फेकली, पुन्हा तेच झालं. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पंत, आकडा उलटा वाचताय हो! पण आम्हाला तोंड दिलेलं नाही. ओझं पेलायला पाठ तेवढी दिली आहे.

तिथूनच त्यांनी फोन लावला.

"भैय्याजी, तुयी काठी मेली."

"मेली म्हणजे?"

"जीवच नाही तिच्यात. ओल्या चिंधीसारखी लोंबून राहिली."

"दोरी कोणती लावली?"

"दोरीचं मले नको सांगू. तू म्हटली त्याच्याहून बारीक लावली, उंची."

"बारीक दोरीनं वाकते कशी गा? बारीक दोरीनं तर ती ताठ राहीन."

"तेच म्हणून राहिलो न मी! बारीक दोरीचाही भार सोसत नाही. आतून तडकली असन. देताना पाहून द्यायची होती."



"म्हणजे मी तुले तुटकी काठी दिली?"

"तसं नाही म्हटलं मी."

"म्हटलं गा पंत. ठेव फोन."

त्या रविवारी दत्तोपंत रामटेकला गेले नाहीत. पुढच्याही नाही. भैय्याजींचा फोन आला नाही, यांनी केला नाही. पहिला फोन ज्याचा तो हरला, असा हिशेब दोघांनी मांडला, आणि दोघंही जिंकत राहिले.

माझं काय झालं ते आता ऐका. इंदुताई संसारी बाई. घरात वस्तू नुसती पडून राहिलेली त्यांना खपत नाही. त्यांनी माझा खालचा भाग दाराआड उभा केला आणि त्याच्या टोकाला फडकं बांधलं, पंख्याची जाळी काढायला. वरचा भाग बाल्कनीतल्या कुंडीत खोवला, कारल्याच्या वेलीला आधार म्हणून. वेल बांधायला जुन्या तडकलेल्या दोरीचा तुकडा वापरला. नवी दोरी बाल्कनीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणली आणि तिच्यावर कपडे वाळत घातले.

मित्रांनो, एकटेपण म्हणजे आजूबाजूला कुणी नसणं, असं तुम्हाला वाटत असेल. मी तर माणसांच्या घरात होते. पण माझं निम्मं अंग दाराआड आणि निम्मं कारल्याच्या मांडवात होतं. स्वतःचीच स्वतःशी गाठ पडत नव्हती. दाराआडून मला दिसायचं, रविवारी पहाटे दत्तोपंत नेहमीसारखे उठायचे, टोपी डोक्यावर घालायचे, आरशात पाहायचे आणि टोपी काढून खुंटीला लावायचे. फोन वाजला की लगबगीने जायचे.

"कोणाचा होता?" इंदुताई विचारायच्या.

"कर्ज पाह्यजे का म्हणून विचारून राहिली होती एक बाई."

"मग तिच्याशीच बोलायचं होतं थोडं. गोड बोलतात त्या. तुमच्या दोस्तासारख्या रुसत नाहीत."

"तो रुसला. मी नाही."

"हो. तुम्ही कुठं रुसता! तुम्ही फक्त टोपी घालता अन् काढता."

हिवाळा आला. एका दुपारी दत्तोपंत आंघोळीचा टॉवेल वाळत घालायला बाल्कनीत आले. टॉवेल टाकला. वेल एका बाजूला कलली होती, म्हणून तिची गाठ नीट करायला वाकले. गाठ बांधताना जुनी दोरी त्यांच्या अंगठ्याखाली आली, आणि अंगठा आपोआप तिच्यावरून फिरला. सवयीचा अंगठा तो. गांधीबागेत कितीतरी गाठोडी पारखलेला. मग तोच अंगठा त्यांनी वर नेला आणि टॉवेलच्या दोरीवर ठेवला. पुन्हा खाली. पुन्हा वर.

माझा वरचा भाग तिथेच होता, म्हणून मी पाहिलं. त्यांचा चेहरा पांढऱ्या सुतासारखा झाला.

"उलटं आहे," ते पुटपुटले.

"काय उलटं? टॉवेल?" इंदुताई आतून म्हणाल्या.

"दोरी. ही... ही जाड आहे वं."

"कपड्याची दोरी जाडच पाह्यजे."

 त्यांनी वेलीच्या गाठी एक एक सोडल्या आणि मला कुंडीतून काढलं. दाराआडचा माझा भाग आणला, फडकं काढलं, दोन भाग जोडले. इंदुताई बाहेर येऊन कारल्याकडे पाहत राहिल्या.

"अहो, आता वेलीले काय लावू?"

"झाडूचा दांडा लाव."

काही दिवसांत पाच नंबरची दोरी आली. या वेळी दत्तोपंतांनी डबा फोडला, आकडा पाहिला नाही, डोळे मिटले आणि दोरी चिमटीत धरली. मग मला इमारतीच्या गच्चीवर नेलं. टोकाला माशी न बांधता नुसती दोरी फेकली. मित्रांनो, मी वाकले; आणि उठले! दोरी पाण्याच्या टाकीवरून सरळ पलीकडे गेली आणि सिमेंटवर अशी अलगद पडली, की पडल्याचं कबुतरालाही कळलं नाही.

वाटलं, आता हे हसतील. ते टाकीच्या कठड्यावर बसले आणि खिशातून फोन काढला. नुसता धरून बसले.

इंदुताई पापड वाळवायला वर आल्या होत्या. त्यांनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा फोनकडे.

"लावा न फोन."

"काय सांगू?"

"खरं सांगा."

"खरं सांगितलं तर मरेपर्यंत चिडवन तो. सुताचा व्यापारी अन् याले दोरी समजली नाही! अन् मी त्याले काय काय बोललो, इंदू. तुटकी काठी दिली म्हटलं त्याले. तिकडे हातात काठी धरता येत नाही त्या माणसाले."

इंदुताईंनी एक पापड उलटा केला.

"मग खोटं सांगा," त्या म्हणाल्या. "पण फोन लावा."

दत्तोपंतांनी फोन लावला. घंटी बराच वेळ वाजली.

"कोण?" भैय्याजींचा आवाज. नाव दिसत असूनही त्यांनी विचारलं.

"मी, पंत. ते काठीचं... काठीत नुक्स होता, भैय्याजी. सांधा ढिला होता. ठीक करून घेतला."

"सांधा?"

"हो. तुया नजरेतून सुटला असन. मायाही सुटला होता."

पलीकडून खाकरल्याचा आवाज आला. 

"का गा पंत," भैय्याजी म्हणाले, "रविवारी येऊन राहिला का मग?"

रविवारी आम्ही गेलो. भैय्याजी तलावाच्या काठावर आधीच येऊन बसले होते. किती आधी, ते त्यांच्याजवळच्या शेंगांच्या टरफलांवरून कळत होतं. नमस्कार-चमत्कार झाले नाहीत. त्यांनी नुसता डावा हात पुढे केला. दत्तोपंतांनी मला त्यांच्या हातात दिलं.

भैय्याजींनी माझा सांधा उघडला. आत पाहिलं. त्यावर बोट फिरवलं. मित्रांनो, तो सांधा जसा दुकानातून आला होता तसाच होता. दुरुस्तीची एक खूण नाही, डिंकाचा एक थेंब नाही. हे त्यांना क्षणात कळलं. त्यांनीच तर इतकी वर्षं त्याला मेण लावलं होतं. त्यांनी मान वर करून मित्राकडे पाहिलं. दत्तोपंत अगदी मन लावून रामटेकच्या गडावरच्या मंदिराकडे बघत होते, जणू ते आजच बांधून झालं आहे.

माझा जीव टांगणीला लागला. आता एक शब्द, आणि दोघांचं पुन्हा तुटणार. किंवा एक शब्द, आणि माझी सुटका होणार. काठी चांगली होती, एवढं कुणीतरी म्हणणार.

भैय्याजींनी सांधा पुन्हा बसवला.

"सांधाच होता गा पंत," ते म्हणाले. "माया हातातही हलला होता एक-दोनदा. सांगायचं राहूनच गेलं."

दत्तोपंतांनी मान हलवली. जरा जास्तच वेळ हलवली. मग टोपी नीट केली, मला घेतलं आणि पाण्यापाशी गेले. रंभाबाई टोपली घेऊन जात होत्या.

"अगं बाई! लई दिवसांनी दिसले पंत. कुठं होते?"

"काठी बिघडली होती," दोघं एकदम म्हणाले.

त्या दिवशी दोरी जशी गेली तशी भैय्याजींच्या हातूनही कधी गेली नसेल. भैय्याजी मागे बसून ओरडत होते, "उजवीकडे! उजवीकडे गा, लग्नात अक्षता फेकून राहिला का?" आणि दत्तोपंत हसत होते. खरं काय ते तिघांनाही ठाऊक होतं. दोघांनी ते पोटात घातलं आणि एकमेकांशेजारी बसले. तिसरी मी; मला शेजारी नाही. आजही तलावावर कुणी विचारलं, तर दोघं माझ्याकडे बोट दाखवून सांगतात, ही मधे बिघडली होती. लोक मला बोटाने टोचून बघतात आणि म्हणतात, जुना माल आहे, चालायचंच.

चालायचंच. मी मनात मांडून पाहिलं आहे. एका बाजूला माझं नाव आहे, दुसऱ्या बाजूला दोन म्हाताऱ्यांचे रविवार. तोटा फार नाही.

पण मित्रांनो, तुमचे हात अजून कोवळे आहेत, म्हणून तुम्हाला सांगते. एखादी वस्तू वाकली आणि उठली नाही, तर लगेच ती मेली असं म्हणू नका. तिच्या पाठीवर आपण काय लादलं आहे, ते आधी चिमटीत धरून बघा. माणसांनाही हेच लागू आहे, पण माणसं आपलं बघून घेतील. त्यांना तोंड आहे. आणि एखाद्या वेळी चूक तुमचीच निघाली आणि कबूल करायला जीभ रेटली नाही, तर खुशाल आमच्या माथी मारा. आम्ही कुठं उलटून बोलतो? फक्त मारल्यावर आम्हाला दाराआड ठेवू नका. पाण्यावर न्या.